घरातले पामतेल ओळखावे कसे आणि कमी करावे कसे : मराठवाड्यातील कुटुंबांसाठी मार्गदर्शक

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरच्या अखेरीस परभणीत पारा सात-आठ अंशांवर उतरला होता. सकाळी फोडणीसाठी तेलाची काचेची बरणी हातात घेतली, तर तळाशी पांढुरका, रवाळ थर बसलेला दिसला. आई म्हणाली, "ह्यात खोबरेल मिसळलंय का काय, बघ बरं." बरणीत आदल्या आठवड्यात ओतलेले रिफाइंड तेल होते. त्याच्या पुड्यावर सूर्यफुलाचे भले मोठे चित्र असल्यामुळे आम्ही ते निखालस सूर्यफुलाचेच समजून वापरत होतो. रिकामा पुडा कचऱ्याच्या डब्यातून काढून आईच्या वाचायच्या भिंगाखाली धरला, तेव्हा मागच्या बाजूला बारीक अक्षरांत मिश्र खाद्य वनस्पती तेल अशा अर्थाची ओळ सापडली आणि तिच्याखाली पामोलिनचे, म्हणजे पामतेलाच्या पातळ भागाचे, प्रमाण निम्म्याहून अधिक असल्याचे छापलेले होते.

त्या सकाळपासून आमच्या घरात किराण्याच्या प्रत्येक पुड्याची मागची बाजू वाचली जाऊ लागली. तेच काम या लेखात पायरीपायरीने सांगितले आहे. पामतेल घरात कोणत्या वाटांनी येते, वेष्टनावर ते कोणत्या नावांनी छापलेले असते, त्याच्या जागी आपल्या भागात काय मिळते आणि कोणत्या ठिकाणी हट्ट सोडून द्यावा, हे सारे नव्याने सुरुवात करणाऱ्याला कळावे असा हेतू आहे. या विषयावरच्या ज्या याद्या सहज हाती लागतात, त्या बहुतेक युरोप-अमेरिकेतील घरांसाठी केलेल्या असतात, त्यामुळे त्यांत लिपस्टिक, चॉकलेट आणि शाम्पू सर्वांत वर दिसतात. आपल्याकडचा हिशेब वेगळा आहे. आपण पामतेल मुख्यतः खातो, आणि तेही बहुतेक वेळा नकळत खातो. म्हणून सुरुवात न्हाणीघरापासून न करता तेलाच्या डब्यापासून करावी, असे माझे ठाम मत आहे.

हे कशासाठी करायचे

ज्याच्या फळांतून पामतेल निघते ते तेलताड हे झाड मूळचे पश्चिम आफ्रिकेतले आहे, पण आज जगातील पामतेलापैकी सुमारे 85 टक्के तेल इंडोनेशिया आणि मलेशिया या दोन देशांतून येते. या झाडाला उष्ण, दमट, भरपूर पावसाचा सखल प्रदेश लागतो, आणि नेमक्या अशाच सखल प्रदेशातील जंगलांत ओरांगउटान हा मोठा, बिनशेपटीचा वानर राहतो. आज तो जगात फक्त बोर्निओ आणि सुमात्रा या दोन बेटांवर उरला आहे. मलय भाषेत 'ओरांग' म्हणजे माणूस आणि 'हुतान' म्हणजे अरण्य, म्हणजे हा अरण्यातला माणूस. त्याच्या तीन जाती आहेत. बोर्निओची एक, सुमात्राची एक आणि सुमात्रातच बातांग तोरू भागात राहणारी तापानुली ही तिसरी. तापानुली ही वेगळी जात असल्याचे 2017 मध्ये जाहीर झाले आणि तिचे 800 पेक्षाही कमी प्राणी शिल्लक असल्याचा अंदाज आहे. तिन्ही जाती आज अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदलेल्या आहेत. एकट्या बोर्निओवर 1999 ते 2015 या काळात एक लाखाहून अधिक ओरांगउटान कमी झाले, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

या प्राण्याची संख्या एकदा घटली की भरून का येत नाही, हे समजून घेतले पाहिजे. ओरांगउटानाची मादी साधारण सात ते नऊ वर्षांतून एकदा एका पिलाला जन्म देते. ते पिलू कित्येक वर्षे आईच्या अंगाखांद्यावर राहून कोणत्या झाडाला फळ कधी येते, फांद्या वाकवून रात्रीचे घरटे कसे बांधायचे, हे तिच्याकडून शिकते. जंगल तुटल्यावर हे प्राणी उरलेल्या तुकड्यांत अडकतात, भुकेपोटी लागवडीत शिरून तेलताडाचे कोवळे कोंब खातात आणि उपद्रवी म्हणून मारले जातात. पिलू पाळण्यासाठी विकायचे असेल, तर त्याच्या आईला मारूनच ते मिळवले जाते. म्हणजे एक मादी गेली की पुढच्या अनेक वर्षांची वीणही तिच्याबरोबर जाते.

जंगलाखालच्या जमिनीचीही यात मोठी हानी होते. त्या बेटांवर अनेक ठिकाणी हजारो वर्षे साचलेल्या, पाण्याने भिजलेल्या वनस्पतींच्या अवशेषांचे जाड थर आहेत. लागवडीसाठी चर खणून त्यातले पाणी काढून टाकले की ते थर वाळतात आणि एकदा पेटले की जमिनीच्या आतून आठवडेच्या आठवडे धुमसत राहतात. 2015 मध्ये, एल निनोच्या कोरड्या वर्षात, इंडोनेशियात सुमारे 26 लाख हेक्टर क्षेत्र जळाले. आपल्या आठ जिल्ह्यांचे मिळून क्षेत्रफळ सुमारे 64 लाख हेक्टर आहे, तेव्हा मराठवाड्याच्या पाचांतील दोन हिस्से जळाले असे डोळ्यांसमोर आणावे. ती सगळी आग तेलताडामुळे लागली असे म्हणणे चूक ठरेल. कागदाच्या लगद्यासाठीची लागवड, लाकूडतोड आणि इतर शेती यांचाही त्यात वाटा होता. मात्र तेलताडाचा वाटा मोठा होता, याबद्दल वाद नाही.

आपला या सगळ्याशी संबंध सरळ आहे. भारत हा जगातील सर्वांत मोठा पामतेल आयातदार देश असून दर वर्षी साधारण 75 ते 100 लाख टन पामतेल बाहेरून आणतो. 2022 च्या एप्रिल-मे महिन्यांत इंडोनेशियाने निर्यात थांबवली, तेव्हा आपल्या मोंढ्यातील तेलाचे भाव कसे हलले, हे ज्यांनी त्या दिवसांत डबा विकत घेतला त्यांना आठवत असेल.

पहिली पायरी : महिनाभर नोंद ठेवा

पहिल्या दिवशी काहीही फेकू नका आणि काहीही बदलू नका. एका वहीत महिनाभर फक्त नोंद करा. स्वयंपाकाचे तेल किती आणले, बाहेरून तळलेले काय काय आणले, बिस्किटांचे पुडे किती संपले, साबणाच्या वड्या किती लागल्या, हे सगळे त्यात यावे. आमच्या चार माणसांच्या घरात महिन्याला चार किलो तेल लागत होते आणि त्याखेरीज फरसाण, शेव, खारी, टोस्ट मिळून जे येत होते ते वजनाला आमच्या अंदाजाच्या दुपटीने निघाले. शाम्पूची मात्र एक लहान बाटली दीड महिना पुरली होती. कोठे हात घातल्याने खरोखर फरक पडेल, हे वहीच्या त्या एका पानावरून कळले.

घरात जे आहे ते वापरून संपवावे. आणलेले तेल किंवा साबण टाकून दिल्याने कोणतेही झाड वाचत नाही.

दुसरी पायरी : तेलाचा पुडा वाचायला शिका

तेलताडाच्या फळाच्या गरापासून पामतेल निघते आणि आतल्या गाभ्यापासून पाम कर्नल तेल निघते. पामतेलातील जवळजवळ निम्मी स्निग्धाम्ले संपृक्त असतात, म्हणून ते साध्या तापमानाला अर्धवट घट्ट राहते. कारखान्यात त्याचे दोन भाग करतात. पातळ भागाला पामोलिन म्हणतात आणि घट्ट भागाला पाम स्टिअरिन. आपल्या पुड्यांत आणि फरसाणाच्या कढईत येते ते बहुतेक पामोलिन, तर बेकरीत आणि साबणात घट्ट भागाचा उपयोग अधिक होतो.

दुकानात पुडा हातात घेतल्यावर पुढचे चित्र पाहू नका. पुडा उलटा करून घटकांची ओळ शोधा. बहुतेक पुड्यांवर ती इंग्रजीत असते, म्हणून ज्यांना इंग्रजी वाचायची सवय नाही त्यांनी पी, ए, एल, एम ही चार अक्षरे या क्रमाने ओळखायला शिकावे. पामतेल, पामोलिन, पाम स्टिअरिन, पाम कर्नल ही सगळी नावे या चार अक्षरांनी पकडता येतात. आमच्या शेजारच्या आजींनी ही चार अक्षरे एका चिठ्ठीवर लिहून पिशवीत ठेवली आहेत आणि त्या दुकानात उभ्या राहून एकेक पुडा चिठ्ठीशी ताडून पाहतात. घटक नेहमी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात, त्यामुळे पामतेलाचे नाव पहिल्या तीनांत असेल तर त्याचे प्रमाण भरपूर आहे असे समजावे.

मिश्र तेलाच्या पुड्यावर कोणते तेल किती टक्के आहे हे छापणे नियमाने बंधनकारक आहे. एवढी एक ओळ वाचण्याची सवय लागली तरी अर्धे काम झाले. वनस्पती तूप, ज्याला आपण सगळेच सवयीने डालडा म्हणतो, त्यातही पामतेलाचा मोठा वाटा असतो. त्यावर कधी 'हायड्रोजनेटेड', तर कधी 'इंटरएस्टरिफाइड वनस्पती फॅट' असे शब्द असतात.

तेल पुड्यात न घेता दुकानातल्या मोठ्या डब्यातून सुटे घेत असाल, तर ती सवय आधी सोडा. सुट्या तेलाच्या विक्रीला नियमाने बंदी आहे, आणि ज्यावर काही छापलेलेच नाही ते वाचणार तरी कसे?

थंडीतल्या बरणीवरून पामतेल ओळखण्याचा आमचा योगायोग फार भरवशाचा मानू नये. कडक थंडीत पामोलिन गढूळ होते, करडई किंवा सूर्यफुलाचे रिफाइंड तेल स्वच्छ राहते, एवढे खरे. पण पामोलिनचे प्रमाण कमी असेल तर थर दिसतच नाही, आणि घाण्याच्या न निवळलेल्या तेलाच्या तळाशीही गाळ बसतो. थर दिसला तर पुडा वाचावा, एवढाच त्याचा उपयोग.

तिसरी पायरी : शेव, फरसाण आणि बाहेरची तळणी

हा भाग सर्वांत अवघड आहे. पामोलिन स्वस्त असते, कढईत लवकर खराब होत नाही आणि त्याला स्वतःचा असा उग्र वास नसतो, म्हणून तळणीचा धंदा त्यावर चालतो. आमच्या भागातील एका फरसाणाच्या दुकानावर शेंगदाणा तेलाची पाटी होती आणि मी वर्षभर त्या पाटीवर विश्वास ठेवून शेव आणत होतो. एकदा मागच्या दाराने पाणी प्यायला गेलो, तेव्हा भट्टीजवळ पामोलिनचे रिकामे डबे एकावर एक रचलेले दिसले. मालकांना विचारले, तर ते शांतपणे म्हणाले, "भाऊ, शेंगदाण्यात तळलं तर ह्या भावात कोण घेणार?" त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. वाईट वाटले ते पाटीचे.

तेव्हापासून मी एवढेच करतो की तळणी कशात आहे हे डबा पाहूनच मानतो, आणि जिथे डबा दाखवायला तयार नाहीत तिथून कमी घेतो. पाकीटबंद चिप्स, कुरकुरीत पदार्थ आणि झटपट नूडल्स यांच्या वेष्टनावर तर पामतेल किंवा पामोलिन स्पष्टच छापलेले असते. नूडल्सच्या बहुतेक वड्या कारखान्यात तळूनच वाळवलेल्या असतात, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते.

तळणीला पर्याय शोधताना दूर जावे लागत नाही. सायंकाळच्या भुकेला आपल्याकडे मुरमुऱ्यांचा सुशीला होता, ज्वारीच्या लाह्या होत्या, फुटाणे-शेंगदाणे होते, तव्यावरचे धपाटे होते. यांतल्या कशालाही कढईभर तेल लागत नाही. आमच्या मुलांना पाकिटातील चिप्सची सवय होती आणि ती एका दिवसात गेली नाही, पण डबा उघडल्यावर समोर सुशीला असला तर तो संपतो, असा आमचा अनुभव आहे.

चौथी पायरी : बेकरी आणि दुधासारखे दिसणारे पदार्थ

खारी, टोस्ट, क्रीमरोल, केकवरचे पांढरे क्रीम आणि बिस्किटे यांत पामतेलाचा वापर भरपूर होतो. बहुतेक बिस्किटांच्या पुड्यावर मैदा आणि साखर यांच्यानंतर तिसरे नाव पामतेलाचेच असते. वनस्पती तूप घट्ट करताना जो अपायकारक स्निग्धांश तयार होतो त्याला ट्रान्स फॅट म्हणतात, आणि जानेवारी 2022 पासून आपल्याकडे तेल-तुपातील त्याच्या प्रमाणाची मर्यादा 2 टक्क्यांवर आणण्यात आली. आरोग्याच्या दृष्टीने ही चांगलीच गोष्ट झाली, पण पूर्वीच्या वनस्पती तुपाला जो घट्टपणा असायचा तो पामतेलातून सहज मिळतो, हेही लक्षात ठेवावे.

याच वर्गात आणखी तीन गोष्टी येतात आणि त्या फार जणांना फसवतात. पहिली गोष्ट आइस्क्रीमची. डब्यावर आइस्क्रीम असे न लिहिता 'फ्रोझन डेझर्ट' असे लिहिले असेल, तर त्यात दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती फॅट आहे आणि ते बहुधा पामचे असते. दुसरी गोष्ट पनीरची. स्वस्त 'अ‍ॅनालॉग पनीर' दुधाच्या फॅटऐवजी वनस्पती तेलावर बनवलेले असते. तिसरी गोष्ट चहात टाकायच्या पांढऱ्या पावडरीची. दुधाची पावडर आणि 'टी व्हाइटनर' यांतला फरक घटकांच्या ओळीतच दिसतो.

बेकरीच्या पदार्थांत आयएनएस 471 असा आकडा पुष्कळदा आढळतो. तो स्निग्धाम्लांपासून केलेल्या एका पायसकारी, म्हणजे तेल आणि पाणी एकजीव ठेवणाऱ्या, पदार्थाचा आहे, आणि तो पामपासून किंवा दुसऱ्या तेलापासूनही केलेला असू शकतो. त्याचे प्रमाण अगदी थोडे असते. नवख्या माणसाने या आकड्यांच्या मागे लागू नये. तसेच जीवनसत्त्व मिसळलेल्या तेलावर किंवा दुधावर 'व्हिटॅमिन ए पामिटेट' असे लिहिलेले दिसले, तर घाबरू नये. तिथे पी, ए, एल, एम ही अक्षरे असली तरी तो जीवनसत्त्वाचा नाममात्र अंश आहे आणि त्यासाठी पोषणाची गोष्ट टाळणे योग्य नाही.

पाचवी पायरी : साबण, शाम्पू आणि धुण्या-भांड्याचे सामान

अंगाच्या साबणात पामतेल मोठ्या प्रमाणात असते. वडीच्या वेष्टनावर सोडियम पामेट किंवा सोडियम पाम कर्नलेट लिहिलेले असेल, तर ती पामची आहे. सोडियम कोकोएट म्हणजे खोबरेलापासून केलेली. सोडियम टॅलोएट म्हणजे प्राण्यांच्या चरबीपासून केलेली, आणि शाकाहारी कुटुंबांना हे नाव माहीत असलेले बरे. काही वेष्टनांवर फक्त 'सोप नूडल्स' एवढेच लिहून पुढे टीएफएमचा आकडा दिलेला असतो. टीएफएम म्हणजे साबणातील एकूण स्निग्ध अंश. 76 टक्के किंवा त्याहून अधिक टीएफएम असलेला साबण पहिल्या प्रतीचा मानतात. तो आकडा साबणाची प्रत सांगतो, तेल कोणते हे सांगत नाही. 'हाताने बनवलेला' किंवा 'नैसर्गिक' या शब्दांवरूनही काही कळत नाही, कारण असे अनेक साबण पामतेलात खोबरेल मिसळूनच करतात.

शाम्पू आणि टूथपेस्ट यांत फेसासाठी सोडियम लॉरिल सल्फेट किंवा त्याच्या जातीचा पदार्थ असतो. तो खोबरेलापासून किंवा पाम कर्नल तेलापासून तयार होतो, आणि कोणत्या तेलापासून केला हे वेष्टनावर जवळजवळ कधीच लिहीत नाहीत. सिटाइल अल्कोहोल, स्टिअरिक अ‍ॅसिड, ग्लिसरिन यांचेही तसेच. येथे माझा सल्ला असा की वस्तूंची संख्या कमी करा, नावे पाठ करण्यात वेळ घालवू नका. आठवड्यातून एकदा शिकेकाई-रिठ्याने केस धुणे, मुलांना सणासुदीला हरभऱ्याच्या पिठाचे उटणे लावणे, एवढे जमले तरी एक-दोन बाटल्या आपोआप कमी होतात. रिठा फोडून बिया काढाव्यात, टरफले रात्री कोमट पाण्यात भिजत घालून सकाळी चुरून गाळून घ्यावीत. डोळ्यांत गेल्यास फार चुरचुरते, म्हणून लहान मुलांसाठी वापरताना जपावे.

कपड्यांच्या धुण्याच्या पावडरीबद्दल मात्र पुष्कळ गैरसमज आहे. आपल्या बाजारातील बहुतेक पावडरींत मळ काढणारा मुख्य पदार्थ खनिज तेलापासून केलेला असतो, तेलताडापासून नव्हे. त्याचे दोष वेगळे आहेत, पण ओरांगउटानाच्या अरण्याशी त्याचा थेट संबंध कमी आहे. देवघरातील समईसाठी 'पूजेचे तेल' म्हणून जे विकतात ते अनेकदा मिश्र आणि अखाद्य असते. त्याऐवजी तिळाचे किंवा करडईचे थोडे तेल वापरावे.

सहावी पायरी : पामच्या जागी काय आणावे

मराठवाड्यात राहणाऱ्याला या प्रश्नाचे उत्तर शेताच्या बांधावर मिळते. करडई हे आपले रब्बीचे जुने पीक आहे. कमी पाण्यात येते, मुळे खोल जातात आणि काट्यांमुळे जनावरे तिच्या वाटेला जात नाहीत. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने तिचे 'परभणी कुसुम' सारखे वाण दिले आहेत आणि लातूरला याच विद्यापीठाचे तेलबिया संशोधन केंद्र आहे. तरीही करडईचे क्षेत्र वर्षानुवर्षे आटत गेले आणि तिच्या जागी हरभरा आला. काट्यांमुळे काढणीला मजूर मिळेनात, हे त्याचे एक कारण, आणि बाजारात स्वस्त आयात तेल आल्यामुळे भाव टिकेना, हे दुसरे. बोर्निओचे अरण्य आणि आपल्या शिवारातली करडई एकाच तेलाने मागे सारली, ही गोष्ट मला या सगळ्या शोधात सर्वांत जास्त लागली.

फोडणी, भाजी आणि धपाटे यांना घाण्याचे करडईचे तेल उत्तम चालते. त्याचा स्वतःचा एक हलका, भाजक्या बियांसारखा वास असतो, ज्याची ओळख नव्या पिढीला राहिलेली नाही, म्हणून पहिले दोन आठवडे अर्धे करडईचे आणि अर्धे नेहमीचे तेल घेतल्यास घरातून तक्रार येत नाही. तळणीसाठी मात्र शेंगदाण्याचे तेल घ्यावे, कारण करडईचे तेल पुन्हा पुन्हा तापवण्याजोगे नाही. चटणीवर घ्यायला तिळाचे, तेही थोडेच. जवसाचे आणि कारळाचे तेल काढण्यापेक्षा त्यांची चटणीच करावी. खोबरेल केसांना आणि अंगाला वापरावे.

आता एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे. तेलताडाचे एक हेक्टर क्षेत्र वर्षाला तीन-चार टन तेल देते आणि सोयाबीनचे एक हेक्टर अर्धा टनही देत नाही. म्हणजे जगातले सगळे लोक पामतेल सोडून तितकेच सोयाबीन तेल खाऊ लागले, तर कितीतरी अधिक जमीन नांगराखाली आणावी लागेल, आणि ती जमीन बहुधा दुसऱ्या कोणत्यातरी अरण्याची असेल. म्हणून तेलाचा प्रकार बदलताना तेलाचे प्रमाणही कमी करावे लागते. आमच्या घरी चार किलोंचे तीन किलो झाले ते फोडणीचे तेल पळीने मोजून घातल्यामुळे आणि तळण आठवड्यातून एकदाच ठेवल्यामुळे.

दुसरी गोष्ट शेजाऱ्यांविषयी आहे. राज्य सरकारने 2022 च्या दिवाळीत शंभर रुपयांत आनंदाचा शिधा दिला, त्यात रवा, साखर, हरभरा डाळ यांच्याबरोबर एक लिटर पामतेल होते. ज्या घरात सण त्या पिशवीवर साजरा झाला, त्या घराला तेल बदलायला सांगण्याचा अधिकार मला नाही. ज्यांना दोन पैसे अधिक मोजता येतात, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

सातवी पायरी : जिथे पामतेल टळत नाही तिथे प्रश्न विचारा

पामतेल पूर्ण टाळणे शक्य होणार नाही. अशा वेळी ते कोणत्या जमिनीतून आले, हे विचारता येते. आरएसपीओ ही 2004 मध्ये स्थापन झालेली संस्था जंगल न तोडता, ठरवून दिलेल्या अटींवर पिकवलेल्या पामतेलाला प्रमाणपत्र देते. जगातील सुमारे पाचवा हिस्सा पामतेल आज या प्रमाणपत्राखाली येते. तिच्या चिन्हात तेलताडाच्या पानांचे गोल चित्र असते. चिन्हाबरोबर 'सर्टिफाइड' लिहिलेले असेल तर ते तेल वेगळे ठेवून आणलेले असते. 'मिक्स्ड' लिहिलेले असेल तर प्रमाणित आणि साधे तेल वाटेत एकत्र झालेले असते. या व्यवस्थेवर टीका होते आणि ती पुष्कळदा रास्तही असते, कारण काही सभासद कंपन्यांच्या जमिनींवरही अरण्यतोड आढळलेली आहे. तरी काहीच अट नसलेल्या तेलापेक्षा अट असलेले तेल बरे, असे मी मानतो. आपल्या बाजारात हे चिन्ह क्वचितच दिसते, कारण ते कोणी मागत नाही.

प्रत्येक पाकिटावर ग्राहक सेवेचा पत्ता किंवा ईमेल छापलेला असतो. त्यावर चार ओळी लिहाव्यात : "आपल्या या उत्पादनात पामतेल आहे असे वेष्टनावरून दिसते. ते कोणत्या देशातून आणि कोणत्या गिरणीतून येते? ते अरण्यतोड न करता पिकवलेले असल्याचे प्रमाणपत्र आपल्याकडे आहे का? असल्यास ते वेष्टनावर का छापत नाही?" मी अशी पाच पत्रे पाठवली. दोन उत्तरे आली. एक उत्तर ठरावीक छापाचे होते. दुसऱ्यात प्रमाणित तेल घेण्याचे प्रमाण दर वर्षी वाढवत असल्याचे आकड्यांसह कळवले होते, आणि त्या कंपनीचा साबण मी पुढे चालू ठेवला.

घाण्यावर जाण्यापूर्वी

करडईची काढणी साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये होते, आणि बी ताजे व स्वस्त तेव्हाच मिळते. ओळखीच्या शेतकऱ्याकडून थेट घेतल्यास त्यालाही आडतीपेक्षा बरा भाव मिळतो. बी चाळून, खडे-काडी काढून, दोन दिवस कडक उन्हात वाळवून मगच घाण्यावर न्यावे. करडईत तेलाचा अंश साधारण 30 टक्के असतो आणि लाकडी घाण्यावर तो सगळा निघत नाही, त्यामुळे दहा किलो बियांतून अडीच किलोच्या आसपास तेल मिळेल असे धरून चालावे. शेंगदाण्याचा उतारा याहून बराच जास्त पडतो. तेल आपल्यासमोर काढून घ्यावे. लाकडी लाट फिरू लागली की पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बियांचा नुसता भुगा दिसतो, मग त्याला चकाकी येते आणि हळूहळू कडेने पिवळसर धार सुटते. पेंड घरी म्हैस असेल तर परत आणावी, नसेल तर घाणेवाल्याकडेच ठेवून मजुरीत वजा करून घ्यावी.

घरी आणलेले तेल स्टीलच्या डब्यात तीन-चार दिवस न हलवता ठेवावे, वरचे निवळलेले तेल सुती कापडातून गाळून दुसऱ्या भांड्यात घ्यावे आणि ते उजेडापासून दूर ठेवावे. हे तेल लवकर खवट होते, म्हणून वर्षभराचे तेल एकदम काढू नये. बी वर्षभराचे साठवावे आणि तेल दोन-दोन महिन्यांचे काढावे. पहिल्या खेपेला पाच किलोच बी न्या, घरातल्यांना वास आणि चव पसंत पडते का ते पाहा, आणि पुढचे पोते त्यानंतर सांगा.